पानं बांधता बांधता

मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी, झाडावरचं पाखरूही चोच उघडी टाकून गप्प बसलेलं असतं, तेव्हा आमच्याकडच्या खेड्यांतून एक अगदी हलका आवाज येत असतो. सळसळ म्हणावी तर वारा पडलेला असतो आणि कुजबुज म्हणावी तर कुणी बोलत नसतं. घराघरापुढच्या मांडवाखाली बसलेल्या बायका तेंदूची, म्हणजे ज्यांची बिडी वळतात ती हिरवी पानं एकावर एक रचतात, तळहाताने थोपटून सारखी करतात, सालीच्या दोरीने त्यांचा पुडा बांधतात आणि बाजूला टाकतात. त्या रचण्याचा, थोपटण्याचा, टाकण्याचा तो आवाज. एकट्या घरातून आला तर ऐकूही येणार नाही, इतका मृदू. पण सारं गाव एकाच वेळी त्याच कामाला बसलेलं असतं, आणि मग त्या निःस्तब्ध निदाघात जणू कुणीतरी फार मोठ्या बाळाला थोपटून निजवतं आहे असं वाटत राहतं. तुम्ही ऐकला आहे का तो कधी? ऐकला नसेल तर तुम्हांला दोष देत नाही, कारण तो ऐकायला ज्या वेळी तिथे जावं लागतं त्या वेळी शहाणी माणसं उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाहीत. मी ठेवते, कारण मी उन्हाळ्यात मुलांची लेखन शिबिरं घेते.

आम्हा चंद्रपूरच्या माणसांना आपल्या उन्हाचा एक विपरीत अभिमान असतो. दुसऱ्या कुणी आपल्या गावच्या उन्हाची तक्रार केली की आम्ही मायेने, पण काहीशा तुच्छतेने हसतो. त्या अभिमानापायीच असेल, पण कॉलेजला सुट्टी लागली की माझ्या सोबत शिकवणाऱ्या बायका थंड हवेच्या गावांची तिकिटं काढतात आणि मी कोऱ्या कागदांचे गठ्ठे, पेनांचा डबा आणि एक माठ घेऊन कुठल्यातरी खेड्यातल्या शाळेत मुक्काम टाकते. एटापल्लीच्या रानात टाकला आहे, मार्कंड्याजवळ वैनगंगेच्या काठी टाकला आहे, आणि सिरोंच्यालाही टाकला आहे, जिथे पोरं तेलुगूत भांडतात आणि मराठीत माफी मागतात. घरचे म्हणतात, हिला उष्माघात झाल्याशिवाय अक्कल येणार नाही. अक्कल यायची तेवढी येऊन गेली, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

लोक एक प्रश्न मात्र हमखास विचारतात. पोहण्याच्या शिबिराला गेलेलं पोर पोहायला शिकून येतं, तुमच्या शिबिरातून काय शिकून येतं? बोलता तर सगळ्यांनाच येतं, मग मुद्दाम लिहायला काय शिकवायचं? या प्रश्नाने माझं डोकं उठतं, पण उत्तर मी देते, आणि वर्षानुवर्षं एकच देत आले. बोलताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडे पाहून बोलतो. त्याच्या कपाळाला आठी पडली की शब्द गिळतो, त्याने मान डोलावली की वाहवतो. लिहिताना समोर कुणीच नसतं, आणि कुणीच नसताना जे बाहेर येतं ते बहुधा खरं असतं. एकांत हेच लेखनाचं खरं अधिष्ठान, असं वाक्य मी उद्घाटनाच्या भाषणात नेमाने टाकते. सरपंचांना ते आवडतं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मलाही फार आवडत होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी होते ती वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरण्याआधी चंद्रपूर जिल्ह्याचं जे शेवटचं रान लागतं, त्याच्या कडेच्या एका गावात. मोहाची फुलं वेचून संपली होती, चारोळीची झाडं पोरांनी झोडपून झाली होती, आणि गाव जरासं निवांत होतं. शाळेच्या एका खोलीत सातवी-आठवी-नववीची पोरं सतरंजीवर बसली. पहिल्या दिवशी मी त्यांना 'माझी सुट्टी' असा विषय दिला आणि पोरांनी पानंच्या पानं भरून मला समुद्र दाखवला. हो, समुद्र. फेसाळणाऱ्या लाटा, वाळूतले किल्ले, मामाच्या गावचा हापूस. त्यातल्या एकाही पोराने वैनगंगेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं, आणि हापूसचं तोंडही कुणाला ठाऊक नव्हतं. पण पाठ्यपुस्तकात सुट्टी अशीच असते ना? लग्नाला जाताना शेजारणीची साडी मागून नेसावी तसं पहिलं लिखाण मागून आणलेलं असतं, आणि त्याला हसू नये, हे मी आता शिकले आहे. नेसून हौस फिटली की पोरं आपोआप आपल्या कपड्यांत येतात. थोडा धीर धरावा लागतो, इतकंच.

त्या सतरंजीवर मयुरी बसे. नववीत जाणारी, सडपातळ, डोळ्यांनी बोलावं आणि तोंडाने गप्प राहावं अशी. तिच्या मांडीला टेकून तिचा धाकटा भाऊ गोलू बसलेला असे. चांगला चालता-पळता पाच वर्षांचा मुलगा, पण येता-जाताना तो बहिणीच्या कडेवरच. मयुरीचं अक्षर सुरेख होतं, वाक्यं निर्दोष होती, आणि तिच्या लिखाणात काहीही नव्हतं. पोरांचा समुद्र आटून तिथे बकऱ्या, भांडणं, चोरून खाल्लेले आंबे असं काहीबाही उगवू लागलं, तरी मयुरीचा समुद्र आपला तसाच, भरती ना ओहोटी.

पहिल्या आठवड्यातच एका संध्याकाळी तिची आई मला भेटायला शाळेत आली. सुमनबाई. उन्हाने रापलेला चेहरा, बोटांची टोकं सोललेली. दाराशीच बसल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. आमच्या या भागात धान कापून झालं की खेड्यांतली बरीच माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि उन्हाळा तापू लागला की परततात. मुलं मागे राहतात, कुणी आजीकडे, कुणी काकूकडे. सुमनबाई आणि त्यांचा नवराही तसेच गेले होते, मुलांना त्याच अंगणात राहणाऱ्या मोठ्या जावेच्या हवाली करून. परत आल्या तेव्हा गोलू लाजून बहिणीच्या मागे लपला. आणि मयुरीने पाण्याचा तांब्या समोर ठेवला, पण तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हापासून काढलेलाच नव्हता.

"बाई, पोरगी माह्याशी बोलत नाई," त्या म्हणाल्या. "भांडत नाई, रडत नाई, काम सारं करते. फक्त बोलत नाई. काई सांगाचं असलं तं गोलूले सांगते, मायले म्हना भात झाला. मी इथीच, हातभर दूर बसली असतो. तुमी पोराइले मनातलं लिहायले लावता म्हन्ते. काय लिहिते ते मले सांगान का?"

मी नाही म्हटलं. पोरांनी लिहिलेलं त्यांना विचारल्याशिवाय मी कुणाला दाखवत नाही, त्यांच्या आईबापालाही नाही. हा माझा नियम आहे, आणि तो मोडला तर माझ्या सतरंजीवर उद्या कुणी खरं लिहिणार नाही. शिवाय मयुरीने काही लिहिलेलंच नव्हतं, पण तेही मी सांगितलं नाही. सुमनबाई रागावल्या नाहीत. "बरं" म्हणाल्या, पदराच्या टोकाने पायावरची धूळ झटकली, जराशा बसल्या आणि उठून गेल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी राहिले. नियम बरोबर असूनही माणसाला किती वाईट वाटू शकतं, नाही का? लेकरू रुसलं तर त्याला हसवता येतं, रडलं तर पोटाशी घेता येतं. पण सगळी कामं मुकाट्याने, नीट करून जे लेकरू फक्त बोलत नाही, त्याच्याशी आईने भांडायचं तरी कशावरून?

आणि मग एका सकाळी मी वर्गात आले तर सतरंजी रिकामी. खोलीत मी, माझा माठ आणि कोरे कागद. गावात पानं सुरू झाली होती. तेंदूचा हंगाम काही पंचांगात लिहिलेला नसतो. पान हाताएवढं झालं, कोवळीक गेली, रंग उतरला की आदल्या दिवशी सांगावा येतो, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत सारं गाव घोळक्या-घोळक्याने रानात असतं. मोजके दिवस हे काम, आणि त्या दिवसांत घरातल्या प्रत्येक हाताला मोल. पुण्या-मुंबईकडून छापून आलेल्या सुट्ट्यांच्या तक्त्याप्रमाणे शिबिर लावणारी मी, मला हे कळायला हवं होतं म्हणाल, तर हो. पोस्टरवर मी मोठ्या अक्षरांत 'मुलांनो, या' असं लिहिलं होतं आणि मुलं सगळी रानात गेली होती. मला स्वतःचंच हसू आलं.

दुपारी मी सुमनबाईंच्या अंगणात गेले. जांभळीच्या डहाळ्या टाकलेल्या मांडवाखाली पानांचे ढीग पडले होते आणि त्यांच्याभोवती सुमनबाई, त्यांची जाऊ, जिला सगळी पोरं मोठी माय म्हणत, मयुरी आणि शेजारच्या दोन-तीन मुली बांधायला बसल्या होत्या. संध्याकाळच्या आत पुडे फळीवर, म्हणजे गावाबाहेर जिथे पानं मोजून घेतात तिथे, पोचवायचे होते. मी म्हटलं, पोरींना तासभर सोडाल का? सुमनबाईंनी मान वर केली नाही. हातातला पुडा बांधून होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "हात मले पाह्यजे, बाई. तोंड तुमी घ्या."

म्हणजे काय, ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. पोरींचे हात पानांत, पण तोंड मोकळं. त्यांनी बोलावं, मी लिहावं. एवढं साधं, आणि किती वर्षं शिबिरं घेऊन मला सुचलं नव्हतं! मी चपला काढल्या, मांडवाखाली एका पोत्यावर बसले, मांडीवर कागद घेतला आणि म्हटलं, सांगा. त्या दिवसापासून माझं शिबिर शाळेतून उठून अंगणांत आलं. आज या घरी, उद्या त्या घरी. एकांत हेच लेखनाचं अधिष्ठान, ते वाक्य कुठल्या पानांच्या ढिगाखाली गेलं देव जाणे. इथे एकांत औषधालाही नव्हता. एका पोरीने हरवलेल्या बकरीची गोष्ट सांगायला घेतली तर तिची आत्या म्हणे ती बकरी पांढरी नव्हतीच, आणि शेजारीण म्हणे बकरी हरवलीच नव्हती, तुझ्या बापाने विकली होती. पोरगी हट्टाने म्हणे, "माह्या गोष्टीत हरपली." मी मनात म्हटलं, बाई ग, साहित्यशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम तू एका वाक्यात संपवलास.

एक गोष्ट मात्र अडत होती. पोरी एक वाक्य सांगत आणि थांबत. मला वाटे, माझं पेन पोचावं म्हणून थांबतात. मी लिहून मान वर करी, तरी त्या माझ्याकडे पाहतच. शेवटी मोठी माय म्हणाली, "बाई, तुमी हूं देत नाई. हूं नाई देला तं पोरगी फुडं जाईन कशी?" आणि मला माझं लहानपण लख्ख आठवलं. आमच्याकडे कहाणी अशी वाऱ्यावर सांगत नाहीत. कहाणी सांगायला एक माणूस लागतो आणि दर वाक्याला 'हूं' द्यायला दुसरा. हूं थांबला की कहाणी थांबली. ऐकणारा झोपला असं समजून सांगणारा उठून जायचा. मला लिहिता लिहिता ते जमेना, म्हणून हूं देण्याचं काम मोठ्या मायने घेतलं, आणि मग पोरींच्या गोष्टी अशा धावू लागल्या की माझ्या बोटांना कळ यायची वेळ आली.

विचार करा, काय असतो हा हूं? ती शाबासकी नाही, सल्ला नाही, कीव नाही. 'बरोबर बोललीस' असंही तो म्हणत नाही आणि 'असं कसं' असंही नाही. ओठ न उघडता, नुसत्या श्वासाला किंचित नाद देऊन उमटणारं हे अक्षर, भाषेतलं सर्वांत लहान आणि बहुधा सर्वांत उदार. मी इथे आहे, तू पुढे चल, एवढाच त्याचा आशय. आपल्यातल्या किती जणांच्या कहाण्या नुसत्या या एका अक्षरावाचून अर्ध्या वाटेत थांबल्या असतील! आपल्याला उत्तरं देणारी माणसं आयुष्यात उदंड भेटतात. हूं देणारी फार थोडी. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे उत्तरं देणाऱ्यांत मोडते, हे निराळं सांगायला नको.

मयुरीची पाळी आली की ती म्हणे, "मले काई नाई." तिची बोटं सगळ्यांत चपळ होती. पान उचललं, फिरवलं, ठेवलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुडा बांधून तयार. सुमनबाई समोर बसत, मुद्दामच समोर बसत असाव्यात, पण दोघींच्या मध्ये जणू तो पानांचा ढीग नसून एखादी नदी होती. गोलू या काठावरून त्या काठावर निरोप नेई. "ताई म्हन्ते दोरी संपली." "ताई म्हन्ते, पेज पिऊन घे." त्या पोराला ते खेळासारखं वाटे, आणि मला त्या खेळाकडे पाहवत नसे.

मग ती दुपार आली. शेजारच्या घरी हळद होती, म्हणून बाकीच्या मुली आपापलं काम उरकून तिकडे गेल्या होत्या. मोठी मायही गुडघ्याला तेल लावून त्यांच्यामागे हळूहळू निघून गेली. मांडवाखाली राहिलो आम्ही तिघी, आणि रिकाम्या पोत्यावर पाय पसरून झोपलेला गोलू. दुरून हळदीची गाणी तुटक तुटक ऐकू येत होती. आज काही लिहून होणार नाही असं समजून मी पेनाला टोपण लावत होते, आणि मयुरी पानांकडेच पाहत म्हणाली, "एक पोरगी होती."

मी घाईने टोपण काढलं. वाक्य लिहिलं. मयुरी थांबली होती. मोठी माय नव्हती, हूं द्यायला कुणी नव्हतं. तो मीच देणार, तेवढ्यात पलीकडून, खाली मान घालून पानं थोपटणाऱ्या सुमनबाईंनी तो दिला. "हूं."

मयुरीची बोटं किंचित अडखळली. मला वाटलं, संपलं, आता ही उठून जाईल. पण हूं कुणाचाही असो, तो मिळाला की कहाणी पुढे न्यावीच लागते, अशीच आमच्याकडची रीत. ती पुढे बोलली.

"तिले एक भाऊ होता. लहान. त्याइचे मायबाप मिरचीले गेले होते."

"हूं."

"एक डाव भावाले ताप आला. दुपारच्याले. मोठ्या मायनं दवाई आनली पन तो घेईना. माय पाह्यजे म्हने. लय रडला. मंग पोरीनं पेटीतली मायची साडी काढली अन् नेसली. भावानं डोळे अर्धेच उघडले. पदर मुठीत धरला, नाकाशी लावला. माय म्हनला तिले. तिनं ओ देली. मंग त्यानं दवाई घेतली अन् झोपला."

"हूं," सुमनबाई म्हणाल्या. तो पहिल्यासारखा नव्हता. मी लिहीत होते, पण माझं अक्षर मलाच वाचता येईना असं होऊ लागलं होतं.

"मंग रोज दुपारी तो तसाच मांगे. पोरगी साडी नेसून बसे. शाळेतून येऊन बसे. मायचा वास होता न साडीले, तो येई. भाऊ झोपला तरी पोरगी सोडत नसे साडी. तशीच बसून राहे."

"हूं."

"असं करता करता साडीचा मायचा वास गेला. पोरीचाच येऊन राह्यला. भावाले कळलं नाई. त्याले चाले." मयुरीने हातातल्या पानाचं टोक दुमडलं, पुन्हा सरळ केलं. "पोरीले नाई चाले."

आणि हूं आला नाही.

सुमनबाईंचे हात थांबले होते. पानांचा आवाज थांबला. हळदीचं गाणंही नेमकं तेव्हाच कुठे संपलं होतं की मलाच ऐकू येत नव्हतं, कोण जाणे. मी मान वर केली नाही. माझी छातीच झाली नाही. खरं सांगते, आयुष्यात इतकी भीती मला क्वचित वाटली असेल. इतके दिवस ओठांआड कोंडलेलं लेकराचं दुःख बाहेर येऊन मांडवाखाली उघडं पडलं होतं आणि त्याला पुढे जायला वाट नव्हती. आता जर ते माघारी गेलं तर पुन्हा कधी येईल? मी हूं द्यावा का? माझा चालेल का? पण तो माझा नव्हताच द्यायचा, एवढं मला कळत होतं. मयुरी थांबली होती.

मग मयुरीनेच, मान वर न करता, अगदी हळू म्हटलं, "हूं म्हन ना वो, माय."

गोलूला न सांगता, कुणाकरवी निरोप न पाठवता, सरळ आईला. आई मिरचीहून परत आल्यापासून तिच्याशी बोललेले मयुरीचे हे पहिले शब्द. सुमनबाईंनी मनगटाच्या मागच्या बाजूने डोळे पुसले, कारण बोटांना पानांचा राप होता. आणि मग तो दिला, ओला, मोडका, पण पुरेसा. "हूं."

"मंग त्या पोरीले राग आला," मयुरी म्हणाली. आता तिचा आवाज भरभर येत होता. "कोनाचा आला ते तिले समजत नव्हतं. भावाचा नाई, मोठ्या मायचा नाई. माय आली तं माय समोर दिसली. म्हून मंग मायचा. इतकीच हाये गोष्ट."

"हूं," आई म्हणाली.

दोघी पुन्हा पानं रचू लागल्या. मला उठून जावंसं वाटत होतं आणि हलवतही नव्हतं. पोटाशी धरणं, रडणं, गळ्यात पडणं, यातलं काही झालं नाही. आमच्याकडच्या मायलेकी अशा चारचौघांत गळ्यात पडत नाहीत, आणि चारचौघांच्या जागी मी तिथे बसलेली होते. मग मयुरीने हातातला पुडा बांधून बाजूला टाकला आणि प्रथमच आईकडे पाहिलं. "आता तू सांग," ती म्हणाली. "हूं मी देतो."

"मले कुठी येते कहानी," सुमनबाई म्हणाल्या.

मयुरी पुढचा पुडा रचत वाट पाहत राहिली. पुढचं मी लिहून घेतलं नाही; ते शिबिराचं नव्हतं. इथे सांगते आहे ते त्या दोघींना विचारून, आणि त्यांनी हसून "सांगा" म्हटलं म्हणून.

"एक माय होती," सुमनबाईंनी सुरुवात केली. त्या पानाशीच बोलत होत्या.

"हूं."

"मिरचीच्या वावरात होती. तिथी ठसका लय. डोळे चुरचुरते, घसा जळते. साऱ्या बाया तोंडाले फडकं बांधत."

"हूं."

"त्या मायनं जातानी पोरीची ओढनी चोरून नेली होती. शाळेची, निळी. मांगितली असती तं पोरगी म्हने मी शाळेत काय घेऊ, म्हून चोरली."

मयुरीचे हात जागच्या जागी थांबले. तिने ती ओढणी घरभर शोधली असणार, कुणाकुणाशी त्यावरून भांडलीही असणार. ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकून जाताना मला दिसलं. सुमनबाईंना दिसलं नाही, त्यांचे डोळे खाली होते.

"फडकं फाटलं मायचं. खोकून खोकून जीव जाये. संगच्या बाया म्हनत, तुह्यापाशी ओढनी हाये न थैलीत, बांध न ते. पन मायनं नाई बांधली." त्या थांबल्या. "बांधली असती तं मिरचीचा वास लागला असता तिले."

मयुरीने हूं दिला की नाही, मला ऐकू आला नाही. सुमनबाईंना आला असावा, कारण त्यांनी ढिगातलं पुढचं पान उचललं आणि त्या पुढे सांगू लागल्या.